तोंडं फिरवा

पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "तोंडं फिरवा! बघताय काय? तिकडे तोंडं करा सगळ्यांनी!" आधी वाटलं, जिन्यात कुणीतरी भांडतंय. मग पाचव्या मजल्यावरचं जोडपं आत शिरलं. नवऱ्याच्या तळहातावर मोबाइल उताणा होता आणि आवाज त्यातून येत होता. जरा चिरका, जरा नाकातला, आपला आवाज बाहेरून असा लागतो हे माणसाला एरवी कळत नाही तसा. बायको नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "शी! बाई असून बाईचेच कपडे फाडतेय भर रस्त्यात. बंद करा ते," ती म्हणाली, पण नजर हलवली नाही, आणि नवऱ्यानंही बंद केलं नाही. तिला दोघांनी ओळखलं नाही. ओळखणार कसं? त्या चित्रात ती गणवेशात होती, मान खाली, डोक्यावर पावसाळी टोपी. दिसत होते ते तिचे हात आणि हातातली बोथट टोकाची कात्री. लिफ्ट खाली जात राहिली. चार, तीन, दोन. ती मीच, असं म्हणावं हे अगदी जिभेच्या टोकाशी आलं. फाडत नाहीये, कापतेय, असंही आलं. तळमजल्यावर ती दोघांच्या आधी बाहेर पडली, जणू काही चोरी तिनंच केली होती. फाटकापाशी पोचेपर्यंत तिला राग येऊ लागला. त्या दोघांचा नाही. आपण दिव्याचे आकडे बघत मुकाट उभ्या राहिलो, त्याचा.

अकरा वाजता तिला मुख्य कचेरीत मोठ्या साहेबांपुढे हजर व्हायचं होतं. अठरा वर्षं ती अँब्युलन्सवर होती. ड्रायव्हर पुढे, ती मागे, जखमीच्या उशाशी. नऊ दिवसांपूर्वी अपघातात सापडलेल्या एका बाईचे ओले कपडे तिनं रस्त्यावरच कापून काढले, कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं, शहरभर फिरवलं, आणि त्या बाईच्या सासरच्यांनी लेखी तक्रार केली. माफीचं पत्र कचेरीत तयार होतं, तिनं फक्त सही करायची. "सही म्हणजे काय, दोन रेघा," ड्रायव्हर काल म्हणाला होता, आणि जरा थांबून, गाडीची काच पुसत, "मी मात्र केली नसती." तिला 'घोंगडी' हे नाव त्यानंच ठेवलेलं. गाडीत येणारा माणूस पडलेला असो, कापलेला असो, ऊन असो की थंडी, रक्त थांबवलं की ती आधी त्याला गुंडाळायची. मग गाडीतला हीटर पूर्ण सोडायची, इतका की ड्रायव्हर थंडीतसुद्धा गंजिफ्रॉकवर गाडी हाकायचा. "आमच्या गाडीत पेशंट तगतो आणि ड्रायव्हर शिजतो," असं तो भेटेल त्याला सांगे. चौकशीचा निकाल लागेना तेव्हा म्हणाला, "तुझं भिजत घोंगडं पडलंय की गं, घोंगडे," आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसला. तीही हसली होती. पण घरी आल्यावर तो शब्द तिच्या अंगाला चिकटून राहिला, ओल्या बाहीसारखा. भिजत घोंगडं. लोक सहज म्हणतात. भिजलेल्या घोंगड्याखाली माणूस असला तर त्याचं काय होतं, ते म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी पाहिलंय?

ती चालतच निघाली होती. बसमध्ये पुन्हा कुणाच्या तरी हातात तो आवाज असेल, याची तिला धास्ती वाटली. आज वारा तसाच होता, त्या दिवशीसारखा, बारीक आणि हाडांपर्यंत जाणारा. त्या दिवशी वर भुरभुर पाऊस होता. वीजमीटरचं रीडिंग घेत हिंडणारी ती बाई, तिशीची असेल, सकाळी साडेआठला स्कूटरवरून निघाली होती. वळणावर पाण्याच्या टँकरचा धक्का लागला आणि ती पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात फेकली गेली. चर पाण्यानं भरलेला. लोकांनी तिला वर ओढून काठावर, ओल्या मुरमावर ठेवलं होतं. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. गाडी चराच्या पलीकडे अडकली, फळ्या टाकून वाट होईपर्यंत स्ट्रेचर नेता येत नव्हतं. ड्रायव्हर फळ्यांच्या मागे धावला. हिनं मांडीवरची जखम दाबून धरली, पट्टा आवळला, रक्त थांबलंसं वाटलं. मग त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठ निळे, दातांवर दात आपटताहेत, आणि नाव विचारलं तर जीभ जड, शब्द चिखलातून काढावे तसे एकेक. स्वेटर, सदरा, विजार, सगळं निथळणारं आणि त्यातून वारा आरपार. हिनं तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "ओले कपडे काढतेय, कोरडं घालते, घाबरू नको." ऐकलं असेल, नसेल. भोवती पंचवीस-तीस माणसं. तेव्हा ती ओरडली होती. बहुतेकांनी खरंच तोंडं फिरवली. दोघा मजुरांनी न सांगता ताडपत्री उचलून आडोसा धरला. एक बाजू झाकली, दुसरी उघडी राहिली. कात्री खालून वर, एका रेषेत. ओलं बाजूला, अंग टिपायचं, चोळायचं नाही. अंगाखाली जाड चटई, कारण जमीन वाऱ्यापेक्षा जास्त ऊब ओढते. मग कोरडं ब्लँकेट, त्यावर चंदेरी चादर, डोक्याला लोकरी टोपी. पाऊण मिनिट लागलं. वर्षातून दोनदा ती हे सरावाच्या बाहुल्यावर घड्याळ लावून करायची, पाऊण मिनिटाच्या वर कधी गेली नव्हती.

आणि तरीही, चालता चालता, मनाच्या मागच्या खोलीत कुणीतरी सारखं विचारत होतं. थांबता आलं नसतं का? फळ्या टाकायला सात मिनिटं लागली, हे नंतर कळलं. तेव्हा दोन लागतील की वीस, कोण सांगणार होतं? उघड्या राहिलेल्या बाजूला स्वतःचं जाकीट लटकवता आलं असतं. कशाला लटकवणार, कशावर? तिनं नऊ रात्री हा आडोसा वेगवेगळ्या तऱ्हेनं उभा केला होता, कधी स्कूटर उभी करून, कधी एखाद्या धिप्पाड माणसाला तिथं पाठमोरा उभा करून, आणि दर वेळी कुठेतरी एक फट राहतच होती. त्या फटीतून ती स्वतःच बघत होती. मीटरवालीची कंबर, पोटावरचा जुना टाक्यांचा व्रण, थंडीनं आलेले शहारे. आपल्याला हे पाहायचा हक्क कुणी दिला? कामानं दिला. मग कामाचा हक्क कुठे संपतो? असं सुरू झालं की डोकं गिरणीसारखं चालायचं आणि पीठ काही पडायचं नाही.

सकाळी आई नेहमीप्रमाणे तिच्यासमोर बसून लसूण सोलत होती. आईला व्हिडिओचं कळलं होतं, मावशीनं फोनवर सांगितलं होतं. आईनं पाहिला नव्हता, पाहणारही नव्हती.

"सही करून टाक," आई म्हणाली. "मनातून नको करूस. वरवर कर."

"वरवरची सही वेगळी असते का गं?"

"असते. मी तुझ्या बाबांच्या कितीतरी गोष्टींवर मान हलवली. मनातून कधी?" आई हसली, मग लसणाची पाकळी हातातच राहिली. "बाईची लाज म्हणजे काचेचं भांडं, बाळा. त्या लोकांचंही काय चुकलं? आपल्या घरातली असती तर आपण काय केलं असतं?"

आपल्या घरातली असती तर. आई हे बोलली आणि पुढची पाकळी सोलू लागली, आणि हिला कळेना की आईला आठवतंय की नाही. घरातली होती की. आत्या होती. बाबांची धाकटी बहीण, बावीस वर्षांची, हसली की डोळे मिटायची. ही तेव्हा नऊ वर्षांची. सगळे मिळून धरणाच्या भिंतीखाली जेवायला गेले होते, दुपार होती, चांगलं ऊन होतं. आत्या शेवाळावरून घसरली, खालच्या दगडावर आपटली आणि वाहत्या पाण्यात गेली. पाणी डोंगरातलं, बर्फासारखं. बाबांनी आणि आणखी दोघांनी तिला काढलं. मांडी वाकडी झाली होती, फार रक्त दिसत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं. तिला सावलीतल्या एका सपाट खडकावर आडवी केली. आत्या थरथरत होती, इतकी की तिच्या बांगड्या वाजत होत्या. कुणीतरी म्हणालं, कपडे बदला तिचे. आईनं भोवती बघितलं. "एवढी पुरुषमाणसं आहेत," आई म्हणाली, आणि आपली शाल काढून आत्याच्या ओल्या कपड्यांवरून नीट गळ्यापर्यंत ओढून घेतली, कडा खोचल्या. किती मायेनं खोचल्या होत्या. मोटार यायला तास लागला. एक बाई पाय चोळत होती, एक पंख्यासारखा पदर हलवत माशा हाकत होती. आणि मग थरथर थांबली. बांगड्या गप्प झाल्या. "निवांत झाली बघ," आई म्हणाली, "ऊब आली आता. झोप लागली तिला." सगळ्यांचे चेहरे सैल झाले. हिलाही इतकं बरं वाटलं की ती पाण्यात खडे टाकायला गेली. एक खडा, दोन खडे. मोटारीत घालताना बाबांनी आत्याच्या गालाला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला, हे तिनं पाहिलं होतं.

पुढे पंधरा वर्षांनी प्रशिक्षणाच्या वर्गात, फळ्यासमोर, मोठे साहेब शिकवत होते. तेव्हा ते मोठे नव्हते, साहेबही नव्हते; बाह्या दुमडून जमिनीवर बसून शिकवायचे. म्हणाले, "भाषेनं आपली गंमत केलीय. माणूस गोठायला लागला की त्याचं रक्त गोठायचं थांबतं. जखमी माणूस गार पडला की तुम्ही कितीही दाबा, रक्त आतल्या आत वाहत राहतं. म्हणून ऊब ही सोय नाही, औषध आहे. भर उन्हात सुद्धा." आणि मग, खडू बोटांत फिरवत, "थरथर म्हणजे शरीर झगडतंय. थरथर थांबली आणि माणूस गरम झालेला नाही, तर आनंद मानू नका. झगडा संपत आलाय." वर्गात सगळे लिहून घेत होते. तिचं पेन थांबलं. खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा आवाज येत राहिला. तिला त्या सपाट खडकावरची दुपार आतून बाहेर उलटी झाल्यासारखी दिसली. सगळं तेच, माणसं तीच, शाल तीच, फक्त अर्थ उलटा. मांडीच्या आत रक्त वाहत होतं. खालचा दगड ऊब पीत होता. वरून मायेनं खोचलेली शाल ओल्यावरून ओली होत होती. आणि मी खडे टाकत होते. हे ती घरी जाऊन आईला सांगू शकली असती. सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरच्या अठरा वर्षांत नाही. आईचा समज होता की आत्या डोक्याला मार लागून गेली आणि शेवटी निदान उबेत, शांतपणे गेली. तेवढं आईजवळ राहू दिलं. पण त्या दिवसापासून तिच्या हातांना एक हट्ट जडला. लाजेसाठी झाकणं वेगळं आणि जिवासाठी झाकणं वेगळं, आणि दोन्ही एकदम जमत नसतील तर आधी काय, याचं उत्तर तिच्या हातांना ठाऊक होतं. डोक्याला ते दर वेळी नव्यानं शोधावं लागे.

मोठ्या साहेबांच्या खोलीत खिडक्या बंद होत्या. साहेबांच्या उजव्या हाताला मीटरवालीचा थोरला दीर बसला होता, पन्नाशीचा, इस्त्रीचे कपडे, गुडघ्यावर फाइल. त्याच्या शेजारी मीटरवालीचा नवरा, खुर्चीच्या अगदी कडेवर, जणू कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं. साहेबांनी तिला बस म्हटलं आणि पत्र पुढे सरकवलं. चार ओळींचं होतं. 'माझ्याकडून अनवधानाने व घाईत झालेल्या अशोभनीय वर्तनाबद्दल मी दिलगीर असून, यापुढे असे वर्तन होणार नाही याची हमी देते.' तिनं ते दोनदा वाचलं. अनवधानाने. जिच्याकडे त्या सकाळी रस्त्यात अवधान सोडून दुसरं काहीच नव्हतं.

"आमचं म्हणणं एवढंच," थोरला दीर म्हणाला, "की गाडीत नेऊन करायचं होतं. घरंदाज बाई आहे ती. आता चार लोकांत आम्ही मान वर करायची कशी? माझ्या मुलीच्या शाळेत पोरं ते दाखवताहेत एकमेकांना."

त्याचा आवाज फाटला होता. तिला वाटलं होतं हा माणूस उर्मट असेल. होता तो नुसता दुखावलेला, आणि ते जास्त अवघड होतं.

"गाडी पलीकडे होती," ती म्हणाली. "वाट व्हायला सात मिनिटं लागली. तेवढा वेळ त्या ओल्या कपड्यांत वाऱ्यावर राहिल्या असत्या, तर ऑपरेशनच्या टेबलावर रक्त थांबलं नसतं."

"ते तुम्ही म्हणता."

"हो, मी म्हणते. दुसरं कोण म्हणणार? तिथे हात लावायला मीच होते."

साहेब खाकरले. "आपण उगाच ताणतोय. हे बघ, तुझ्या कामाबद्दल कुणाची शंका नाही. सही कर, ही मंडळी तक्रार मागे घेतील, मी प्रकरणावर पांघरूण घालतो. उद्यापासून गाडीवर."

पांघरूण. तिनं साहेबांकडे बघितलं. केस पिकले होते, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. हाच माणूस जमिनीवर बसून खडू फिरवत होता. त्यांना आपलं वाक्य आठवत असेल का? आठवत असेल, म्हणून तर डोळे पत्रावर खिळवलेत. तिच्या आत काहीतरी, नऊ दिवस वाकवून ठेवलेलं, सरळ झालं.

"सर, पांघरूण मी माणसांवर घालते. प्रकरणांवर नाही."

नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. तिचे हात थरथरत होते, ते तिनं मांडीवर दाबले, मग वाटलं, थरथरू देत. आणि कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेली, कारण तिला ते त्या माणसाच्या कानांवर घालायचं होतं. आडोशाची एक बाजू उघडी राहिली, ती माझी चूक. गाडीत यापुढे घडीचा पडदा असावा, मी तो मागते आहे. त्या बाईंना जो मनस्ताप झाला, त्याचं मला वाईट वाटतं. ओले कपडे काढले, ती चूक नाही. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा हेच करीन, कुणी बघत असलं तरी. खाली सही केली. सहीच्या रेघा दोनच होत्या, पण खोल उमटल्या.

थोरल्या दिरानं फाइल बंद केली. "म्हणजे माफी नाहीच."

"पडद्याची मागितली की," ती म्हणाली. "जिवाची कशी मागू?"

साहेबांनी कागद हातात घेतला, खूप वेळ वाचला. मग कोरड्या आवाजात म्हणाले, की चौकशी आता वरच्या समितीपुढे जाईल आणि तोपर्यंत तिनं गाडीवर जायचं नाही, नियंत्रण कक्षात फोन घ्यायचे. किती दिवस ते सांगता येत नाही. ती बरं म्हणाली. अठरा वर्षांत गाडीशिवाय दिवस कसा असतो, ते तिला माहीत नव्हतं. दारात पोचली तेव्हा साहेब मागून म्हणाले, "पडद्याचं मी बघतो." बाकी काही नाही. तिनं मागे वळून पाहिलं नाही, नाहीतर तिथेच रडू आलं असतं आणि ते तिला त्या फाइलीसमोर नको होतं.

जिन्यात मागून पावलं आली. मीटरवालीचा नवरा होता, धापा टाकत.

"ताई, थांबा. ती तुम्हाला बोलावतेय. चार दिवस झाले, रोज विचारते. दादासमोर मला बोलता आलं नाही." तो पायरीवर उभा राहून टोपी हातात चुरगळत होता. "तक्रार दादानं केली. तिला विचारून नाही केली."

"आणि तुम्ही?"

"मी सही केली त्याच्यावर," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

जखमींना नंतर भेटायला जायचं नाही, हा तिचा स्वतःचा नियम होता. सगळ्यांना भेटत बसलं तर जे भेटायला उरले नाहीत त्यांची रांग डोळ्यांपुढे उभी राहते. पण आज गाडी नव्हती, दुपार रिकामी होती, आणि हॉस्पिटल कचेरीच्या मागच्याच रस्त्याला होतं. वाटेत ती मनातल्या मनात तयारी करत राहिली. शिव्या देईल. देऊ दे. रडेल. रडू दे. आभार मानेल, याची तिला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. आभार मानले की आपण त्या क्षणी हव्याशा होतो असं वाटू लागतं, आणि पुढच्या वेळी हात तेवढे सरळ चालत नाहीत.

मीटरवाली खिडकीजवळच्या खाटेवर होती. पाय वजनाला टांगलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. हिला तिचा चेहरा ओळखूच आला नाही, कारण आता त्याला रंग होता. मीटरवालीनं हिला वरपासून खालपर्यंत बघितलं, एखादं रीडिंग दोनदा तपासावं तसं.

"तुम्ही होय. आवाजावरून दांडग्या वाटला होतात."

"आवाजच दांडगा आहे," ती म्हणाली.

"मला त्या सकाळचं काही आठवत नाही. गाडीतला उकाडा तेवढा आठवतो. कुणीतरी पुढे कुरकुरत होतं, मी शिजलो म्हणून." मीटरवाली क्षणभर हसली आणि लगेच गंभीर झाली. "व्हिडिओ मी बघितला. सगळे नको म्हणत होते, मी नर्सकडून मागून घेतला. मग मला तुमचा राग आला. खोटं कशाला बोलू? दोन दिवस इतका राग आला की तुम्ही समोर आला असतात तर मी पेला फेकून मारला असता. मग डॉक्टर म्हणाले, तू उबदार आलीस म्हणून वाचलीस. आता राग पण आहे आणि ते पण आहे. दोन्ही एकदम. काय करू त्याचं, सांगा."

ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली. "राग ठेवा," ती म्हणाली. "मला चालेल. मी तुमच्या जागी असते तर मलाही आला असता. पण मी माझ्या जागी होते."

"तेच," मीटरवाली म्हणाली. "मी पडल्या पडल्या विचार करतेय, सगळ्यांनी माझी अब्रू गेली म्हणून माझ्यासाठी तक्रार केली. मला कुणी विचारलंच नाही, की बाई, तुझी तक्रार कुणाविरुद्ध आहे?" तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीबाहेर बघू लागला. "तुम्ही बघू नका तिकडे. टेबलाच्या खणात वही आहे, ती काढून द्या यांना."

नवऱ्यानं वही काढली. रीडिंगची वही होती, अपघातातून वाचलेली, पानं पाण्यानं फुगून कडक झालेली.

"माझा हात हा असा," मीटरवाली म्हणाली. "यांना लिहायला सांगितलं तर हे आधी दादाला विचारतील. तुम्ही लिहा. मी सांगते तसं. एक शब्द इकडचा तिकडे नको."

"माझ्यावर आधीच चौकशी चालू आहे," ती म्हणाली. "माझ्या हस्ताक्षरात दिलंत तर उद्या म्हणतील, हिनंच शिकवलं."

"म्हणू देत. अंगठा मी उठवीन, डाव्या हाताचा. भ्यालात?"

भ्याली होती, थोडी. तिनं पेन उघडलं.

मीटरवालीनं डोळे मिटले, आणि घरोघर दारं वाजवून 'मीटर' अशी हाक मारून कमावलेल्या खणखणीत आवाजात सांगायला लागली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कूस बदलून ऐकू लागली. "लिहा. माझी तक्रार अँब्युलन्सच्या बाईंविरुद्ध नाही. त्यांनी मला हात लावला आणि मी त्यामुळे जिवंत आहे. माझी तक्रार चित्रण करणाऱ्या इसमाविरुद्ध आहे. लिहिलंत? चित्रण बावन्न सेकंदांचं आहे. मी ते अकरा वेळा पाहिलं. नवव्या सेकंदाला त्याचा हात मध्ये येतो. त्या हातावर जाकिटाची बाही आहे, जाड, आतून लोकरीची. पाऊस पडत होता, मी त्याच्यापासून चार पावलांवर थंडीनं मरत होते." ती थांबली. नवऱ्यानं खिडकीवरून नजर काढून बायकोकडे बघितलं. "आता हे नीट लिहा, ठळक लिहा. त्या इसमानं अंगातलं जाकीट काढलं नाही. खिशातला मोबाइल काढला."